गेटपास

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते,
ओला वेगळा, सुका वेगळा.
मी दोन डबे घेऊन जिना उतरते
आणि वर येताना हातात बहुधा तिसरंच काही असतं:
छत्रीची दांडी, कुकरचा कान, सायकलची चेन,
एकदा तर शिवणयंत्राचा अख्खा पायटा.
गाडीवरचा भेरूलाल आता विचारतही नाही.
“दीदी, ये आपका,” म्हणतो,
जसं काही माझं टपाल आलंय.

परदेशीपुऱ्यात माझ्या गच्चीला लोक अटाला म्हणतात.
म्हणोत.
तिवारीणबाईंचा शेवेचा झारा इथेच पुन्हा उभा राहिला,
छत्रीच्या दांडीवर, तांब्याच्या तीन रिबिटांनी;
त्याची मजुरी लवंगेच्या शेवेत अजून फिटते आहे.
आमच्या खलाचा बत्ता ही ट्रॅक्टरची पिन होती,
लसूण तिला वचकून असतो.
काही वस्तू फसतात. चाळणीला मी पंख्याची जाळी बसवली,
रवा आणि किडे, दोघंही बिनधास्त पलीकडे.

कपाटावरची एक वस्तू मात्र मी कधी काढली नव्हती.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं दोनदा बांधलेली,
हातभर लांब.
आप्पांची.

आप्पा मिलमध्ये फिटर. एकतीस वर्षं.
एक बॉबिन कधी घरी आली नाही,
आम्ही पोरं भोवऱ्यासाठी रडलो तरी.
शेवटच्या दिवशी गेटवर झडती घ्यायला कुणी नव्हतं,
दरवानच आपलं स्टूल डोक्यावर घेऊन घरी निघाला होता.
तेव्हा आप्पांनी वर्कशॉपातल्या करवतीचं
दात झिजलेलं एक पातं
सदऱ्याच्या आत, कण्याला लावून बाहेर आणलं
आणि त्या रात्री जेवायलासुद्धा ताठच बसले.

मिलनं देणं द्यायचं होतं, ते तारखांवर तारखा खात राहिलं.
आप्पा त्याबद्दल फारसं बोलले नाहीत.
त्यांच्या वहीत एकच देणं होतं,
तेही त्यांच्याच नावावर.

यंदा मोतीबिंदू काढून आले आणि म्हणाले,
“काढ ते. बघू काय होतंय.”

ग्राइंडरपाशी मी, खुर्चीत ते.
जरा घासलं की, “बुडव.”
पुन्हा जरा घासलं की, “बुडव, बुडव.”
निळं पडलं तर पाणी उतरलं समज,
मग ते पातं नाही, नुसती पट्टी.
बादलीत नर्मदा होती, आमच्या नळाला दिवसाआड येणारी,
एवढा घाट चढून आलेली,
आणि दर खेपेला चर्र म्हणून थोडी उडून जाणारी.
मूठ शिसवीची, पलंगाच्या मोडक्या खुरातली.
दोन रात्री जवसाच्या तेलात.

सुरी तयार झाली तशी त्यांनी ती
अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली.
घसरली नाही.
आता काहीतरी चांगलं बोलतील, असं वाटलं मला.
“गेटपास?” म्हणाले.

मी हसले. ते नाही हसले.
मग विजेच्या बिलाच्या पाठीवर मी रेघा आखल्या.
माल: करवतीचं पातं, वापरलेलं, नग एक.
जाणार कुठे: स्वयंपाकघर.
परतीचा की बिनपरतीचा, तिथे पेन थांबलं.
“बिनपरतीचा लिही,
मागायला कोण येतंय.”
खाली सही आप्पांनी केली,
स्वतःची नव्हे, स्टोअरकीपर साहेबांची, हुबेहूब,
इंग्रजी एसच्या त्या लांब शेपटीसकट,
मिलच्याही आधी गेलेल्या माणसाची.
उभ्या जन्मात केलेली एकुलती एक लबाडी
त्यांनी फुंकर घालून वाळवली.

त्या सुरीनं पहिल्यांदा काय चिरलं म्हणाल, तर गिलकी.
आणि थोडं माझं बोट.
आप्पांनी वाकून पाहिलं, नव्या डोळ्यांनी.
“पाणी आहे,” म्हणाले.