शेपटीसकट

काट्यावर चढायला ब्रॅम्बलला शिकवावं लागलं नाही.
ताटलीत बाभळीच्या डिंकाचा ठिपका ठेवला
की ती येऊन बसते, शेपटी बाहेर लोंबत.
वजन शेपटीसकट धरायचं असतं,
म्हणून मी ती अलगद उचलून आत ठेवते.

तीनशे बारा ग्रॅम.
मागच्या गुरुवारी तीनशे एकवीस.
ऑगस्टात चारशेच्या वर होती,
कॅलम तिला बटाटा म्हणायचा.

बाहेर डंडीत टे नदीवरून धुकं चढलंय,
पूल अर्ध्यावरच संपतो.
आत सत्तावीस अंश,
सकाळी सातला बटणावर उगवणारा ब्राझील.

खाते. तेच तर. सगळं खाते.
अंडं, केळं, नाकतोडे पाय मोडून,
आणि पाण्यासारखं सगळं खालून जातं.
पाव बंद केला, गव्हाचं सगळंच बंद केलं,
स्टेरॉइड केळ्यात कुस्करून दिलं.
पिंजऱ्यातल्या मार्मोसेटना होतं असं, डॉक्टर रेनी म्हणाल्या,
का ते नक्की कुणाला माहीत नाही.
फोटोत आतड्याची भिंत दाखवली, सुजलेली, जाड.
मी म्हटलं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही.
इंग्रजीत ते लागलं नाही.

माझ्या बाळंतपणात मिरजेहून आईनं
डिंकाचे लाडू पाठवले होते.
डबा कस्टममध्ये अडकला. आला तेव्हा
शाल्मली तीन महिन्यांची,
लाडू दगड.
मी खाल्ले. ओट्याशी उभी राहून, रात्रपाळीआधी,
एकेक, दाढेखाली फोडून.
ते मात्र लागले.

आता जुळी पिल्लं बापाच्या पाठीवर असतात.
दुपारी तो त्यांच्यासकट तिच्याशेजारी बसतो,
तिच्या शेपटीतले केस विंचरतो.
जिथे केस उरले नाहीत तिथेही विंचरतो.

तक्त्यावर पेन्सिलीची एक रेघ आहे: तीनशे.
त्याखाली गेलं की फोन करायचा.
फोन कशासाठी, ते तक्त्यावर लिहिलेलं नाही.

आज गुरुवार.
ठिपका ठेवला. आली. शेपटी उचलून आत घेतली.
दोनशे शहाण्णव.

कॅलम पाणी भरत होता, पाठमोरा.
मी करंगळी टेकवली ताटलीच्या कडेला.
तीनशे चार.
तिनं डिंक चाटता चाटता
माझ्या नखाचा वास घेतला, नखही चाटलं.

करंगळी काढली.
आकडा खाली यायला
जरा वेळ लागला.