खण सतरा

खण उघडला की आधी वास येतो,
नुकत्याच विझवलेल्या काडीचा.
"आजारी पडलंय कुणीतरी," डोरीन ऑथवेट म्हणते
आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढते.

कापसावर एक अमोनाइट.
व्हिटबीच्या चिखलात अठरा कोटी वर्षं
स्वतःभोवती गुंडाळून निजलेला,
शिंपल्याच्या जागी हळूहळू लोखंड आणि गंधक.
बाजार याला मूर्खांचं सोनं म्हणतो.
आमच्याकडचे वैद्य
याच्या भावकीतल्या दगडाला विमल म्हणायचे.
विमल, म्हणजे ज्याला मळ नाही.
आज त्याच्या पाठीवर राखाडी भुकटी फुटलीय,
जिभेला लावली तर आंबट लागेल.
लावायची नाही.

सोल्डरिंगची सळई तापवून मी त्याला टेकवते,
दुसऱ्या टोकाला थंड सुई.
मीटरचा काटा जरासा सरकतो.
नुसत्या उबेनं याच्या आत काहीतरी हलतं.
तांब्यासारखा सताड उघडा नाही,
काचेसारखा बंदही नाही;
दार लोटलेलं, कडी न लावलेली.
उजेड पडला तर एखादा इलेक्ट्रॉन उंबरठा ओलांडतो,
म्हणून कुठे कुठे अजून कुणीतरी
याच्यापासून सौरघट करायला बसलंय
आणि व्होल्टेज काही चढत नाही.
दोष पृष्ठभागात आहे म्हणे,
जिथे गंधकाचा एखादा अणू जागेवर नसतो.
आत सगळं शिस्तीत, चौकोनी.
बिघडतं ते जगाशी गाठ पडते तिथे.

म्हणजे हवा. आणि हवेतलं पाणी.
साठ टक्क्यांवर ओल गेली की सुरू,
आणि इथे खिडकीला नाक लावून उत्तर समुद्र,
जूनमध्येसुद्धा ते पांढरं धुकं,
ज्याला डोरीन फ्रेट म्हणते आणि शिवी देते.

आम्ल आधी चिठ्ठीवर जातं.
१८८३ साली जोसाया पेनॉकनं
तपकिरी शाईत लिहिलं होतं: गाव, कडा, तारीख,
खाली स्वतःचं वळणदार नाव.
गाव आहे. कडा अर्धा आहे.
नावाच्या जागी भोक.
ज्यानं साक्ष द्यायची
त्यालाच खाल्लं दगडानं.

पलीकडे सँड्सएंडला
याच रोगावर अडीचशे वर्षं माणसांनी पोट भरलं.
काळ्या पाषाणाचे ढीग महिनेन् महिने धुमसत ठेवायचे,
मग लंडनहून पिंपं भरभरून आणलेलं मूत
(हा शब्द डोरीन कुजबुजत नाही, ठणकावते)
आणि शेवटी तुरटी.
वडिलांच्या दाढीच्या डब्यातला खडा आठवला.
गालावरून फिरवताना
कुठे विचारलं होतं त्याला,
कशाच्या कुजण्यातून आलास म्हणून.

समितीचं पत्र: 'नमुना काढून टाकावा.'
अमोनियाची वाफ दिली तर आम्ल मरेल,
सोनेरीही मरेल, विटकरी होईल.
कोरडा करून, ऑक्सिजन शोषून, पिशवीत मिटला
तर कदाचित आम्हा दोघींपेक्षा जास्त टिकेल.
कदाचित. या शब्दाला फॉर्मवर रकाना नाही.

पिशवीत सरकवताना एक टवका निसटला.
डोरीननं तो रुमालात घेतला.
मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते.

शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात
लाटण्यावर गुंडाळलेली तांब्याची तार,
गटाराच्या पाइपाला बांधलेली एरियल,
बॅटरी नाहीच.
सुईचं टोक टवक्यावर फिरवत राहायचं,
बोलेल तिथे थांबायचं. हे तिला
ट्रॉलरवर जाणाऱ्या बापानं शिकवलेलं.
बराच वेळ नुसती खरखर. चहा निवला.
मग इयरफोन माझ्या कानात दाबून
ती एकदम गप्प झाली.

समुद्रापलीकडची कुठलीशी भाषा.
एक बाई, संथ, बहुतेक आकडे सांगत होती,
वारा असेल, नाहीतर भरती.
एक शब्द कळला नाही.

बोटांना भुकटी लागली होती.
मी हात धुतले,
पुन्हा धुतले.