सहीचा रकाना

डॉक्टर मंगळवारी येतात, आणि शुक्रवारी.
ताप वार बघून येत नाही.
चिगुळ्याची माणसं तर बुधवारीच उतरतात,
बुधवारी काजूचा टेम्पो त्यांना बसवून घेतो.

नाव लिहिते कन्नडात,
विचारते मराठीत,
रागावते दोन्हीत.
शेवटचा रकाना रिकामा सोडते. सहीचा.

बावीस वर्षं झाली कणकुंबीच्या या दवाखान्यात.
नळी लावायच्या आधी कळतं मला
कुणाचा दम धुराचा, कुणाचा काळजाचा.
तरी रजिस्टरात ‘दिलं’ असं लिहीत नाही,
‘सांगण्यावरून दिलं’ लिहिते.
कुणाच्या, ते कुणी विचारत नाही.

पलीकडच्या उपकेंद्राची नीलव्वा म्हणते,
“ब्याड अक्का, नको तो अधिकार.
आज लेखणी देतील, पगार तोच ठेवतील,
आणि गोळी कुणाला बाधली की
जीप आपल्याच दारात.”
तिचं खोटं नाही.
बेळगावच्या ट्रेनिंगात मोहिते सिस्टर उभी राहून म्हणाली होती,
“आधी शिकवा, मग द्या.”
साहेबांनी चहा मागवला.

मला काय वाटतं?
मला रवळू गावड्याची सून आठवते.
गुरुवार. ओटीत आठ दिवसांचं पोर,
अंगाला हात लावला तर चटका.
गुरव मोटारसायकल घेऊन रेंज शोधायला गेलेला.
कपाटाची किल्ली माझ्याच कनवटीला,
आणि मी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत
तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत बसले,
नियमाप्रमाणे.
ती वाचली. वाचली म्हणून सांगता तरी येतं.
पण तेवढा वेळ तिची सासू
माझ्याकडं नाही,
कपाटाकडं बघत होती.

तेव्हापासून मी पुड्यांवर चित्रं काढते.
सूर्य म्हणजे सकाळची, चंद्र म्हणजे रात्रीची,
शेजारी भरलेलं ताट म्हणजे जेवून.
दोन्ही भाषांतलं एक अक्षर नाही.
परवा गंगू परटीण म्हणाली,
अमावास्येला चंद्र नव्हता बाई,
म्हणून गोळी घेतली नाही.
आता चंद्राखाली अंथरूणही काढते.

शुक्रवारी डॉक्टर सह्या करतात,
एका दमात चाळीस. पेन माझंच.
मधेच एका ओळीवर थांबतात,
“हे कुणी ठरवलं?”
ऊन येतंय म्हणून मी खिडकी ओढून घेते.
ते माझ्याकडं बघतात, ओळीकडं बघतात,
सही करतात,
आणि पेन
आपल्या खिशाला लावून निघून जातात.