धडा घरी वाचा

एकोणीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं
मांडवीच्या पलीकडच्या शाळेत.
पान, मूळ, बेडूक, हृदयाचे चार कप्पे,
सगळं फळ्यावर काढलं रंगीत खडूंनी.
आणि दरवर्षी जानेवारीत,
उतरायणाचा मांजा अजून तारांवर लोंबत असताना,
म्हटलं : पुढचा धडा घरी वाचा.

घरी कोण वाचणार होतं.
घरी तर मीही वाचला नव्हता.

आता एकावन्नाव्या वर्षी
भाजीची टोपली सरकवून डायनिंग टेबलावर
प्रमाणपत्राचा अभ्यास मांडलाय.
लैंगिकता शिक्षक.
जाऊबाईंना सांगितलं, समुपदेशनाचा कोर्स आहे.
खोटं नाही ते, अर्धं आहे.

पहिल्या गृहपाठात विचारलं होतं :
तुमच्या घरी या अवयवांना काय म्हणत?
लिहायला बसले तर
एकीकडे पोथीतले शब्द, सोवळं नेसलेले,
दुसरीकडे शिव्या,
आणि मधे, जिथे माणसं राहतात,
तिथे नुसतं 'ते', 'तिथे', 'खाली', 'तसलं'.
शेजारच्या गुजरातीत शोधलं. तीच गत.
आईने मला एवढंच सांगितलं होतं
की कावळा शिवतो.
कित्येक महिने मी गच्चीवर जाताना
डोक्यावर सूप धरून जायचे.

कार्डं केली आहेत, एकशे बारा.
जेवणं झाली की हे परीक्षा घेतात.
हे म्हणजे माने, बँकेतून निवृत्त,
लग्नाला सत्तावीस वर्षं,
आणि त्या कार्डांवरचा एकही शब्द
आम्ही एकमेकांसमोर कधी उच्चारलेला नाही.
पहिल्या रात्री चष्मा पुसून त्यांनी कार्ड उचललं,
मनातल्या मनात वाचलं,
मग उठून उर्मिलाबेनच्या बाजूची खिडकी
लावून आले.
'संमती,' म्हणाले. 'व्याख्या सांग.'
सांगितली. चार मुद्दे, उदाहरणासकट.
ते कार्डाकडे बराच वेळ बघत राहिले.
'बरोबर,' म्हणाले.
त्या रात्री पुढचं कार्ड उचललं नाही.

सरावाचा पहिला तास दांडिया बाजारात,
भिशीच्या बायकांपुढे.
चपलांच्या खोक्याला भोक पाडून नेलं होतं.
नाव लिहू नका, म्हटलं,
वाटलं तर डाव्या हाताने लिहा.
लीलो चिवडा संपला, मग चिठ्ठ्या पडल्या.
साठीनंतर हे सोडायचं असतं का?
मला नाही सोडायचं.
जावयाला हे सगळं कोण सांगणार?
दुखतं ते वयामुळे की माझ्यामुळे?
आणि एक कोरी.
चार घड्या घातलेली, अगदी नीट.
उलटीसुलटी केली, उजेडात धरली.
कोऱ्या चिठ्ठीला काय उत्तर द्यायचं
ते चौथ्या प्रकरणात नाही, मी नंतर पुन्हा पाहिलं.
मी म्हटलं, 'जिची ही आहे तिला सांगते,
पुढच्या गुरुवारीही मी इथेच आहे.'
कोणीतरी खाकरलं.
पंखा आपला करकरत राहिला.

किन्नरी ठक्कर, दहावी ब, तिसरा बाक.
अशाच एका जानेवारीत तिने हात वर केला होता.
मी फळा पुसत होते.
पुसतच राहिले,
फळा स्वच्छ झाल्यावरसुद्धा,
घंटा होईपर्यंत.
पुस्तक उघडलं की तो हात दिसतो,
बांगडी कोपराकडे घसरलेली.
तिला काय विचारायचं होतं
ते मी एकशे बारा कार्डांत शोधते आहे.
कदाचित पाणी प्यायला जाऊ का, एवढंच असेल.

काल त्र्याऐंशीवं कार्ड.
मान्यांनी शब्द मोठ्याने वाचला,
खातेदाराचा नंबर वाचावा तसा, न अडखळता.
खिडकी उघडीच होती.
मी त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.
'उकडतंय,' म्हणाले.
पलीकडे उर्मिलाबेनच्या घरात
कोणीतरी टीव्हीचा आवाज
हळूच कमी केला.