सुटं टोक

मे महिना, रात्रीचा दीड. कूलरमधलं पाणी संपलंय,
नुसता पंखा फिरतोय, वाळल्या गवताचा वास फेकत.
विभागात मी आणि चौकीदार बिसेन:
तो व्हरांड्यात घोरतो, मी आलेखासमोर.

आलेख उतरतो, जसा उतरायला हवा.
आधी झपकन, मग रेंगाळत, शेवटी शेपटीत
एखादाच ठिपका.

एक चार्म, दोन स्ट्रेंज.
गणित म्हणालं होतं, भावंडांत हाच आधी जाईल.
जुन्या नोंदीही तेच सांगायच्या, मूठभर ठिपक्यांवरून.
मग हजारो हाती आले
आणि हा जवळजवळ चौपट जगला.
म्हणजे किती?
सेकंदाचे हजार भाग, त्यातल्या एकाचे हजार,
त्याचे हजार, त्याचेही हजार,
आणि त्यातला चतकोर.

घड्याळ तिथं पोचत नाही. आम्ही अंतर मोजतो:
कुठे जन्मला, कुठे फुटला, मधले दोन-चार मिलिमीटर.
शून्य मैलाचा दगड आधी पक्का हवा,
मग कोसांच्या गोष्टी.

बाबा तांडापेठेत लूमवर होते.
एकदा म्हणाले, "थे आतले दाणे सुटे काहून नाही करत वं?"
म्हटलं, ओढले की मधला ताण वाढत जातो,
तुटतो, आणि तुटल्या जागी नवी दोन टोकं.
बाबा हसले. "मंग सूतच होय थे."
हजारदा तुटलेलं सूत जोडलं त्यांनी,
चिमटीत, थुंकी लावून.
एकाच टोकाचा धागा त्यांनाही कधी सापडला नाही.

आता सिद्धान्तवाले म्हणतात, जड क्वार्क एकटा धरला,
शेजाऱ्यांची ढवळाढवळ कमी मोजली.
असेल.
मला छळतं ते वेगळंच:
हा कण म्हातारा होत नाही.
शेपटीतला तो ठिपका, सगळ्यांच्या मागे उरलेला,
फुटायच्या क्षणीही जन्मल्याइतकाच कोवळा होता.
बाबांच्या अंगठ्यावरच्या रेषा
साठीतच पुसल्या होत्या.
रेशनच्या मशीनला ते ओळखूच यायचे नाहीत.

"झालं का मॅडम?" बिसेन उठलाय, हातात बादली.
नाही. चुकीची पट्टी अजून रुंद आहे,
दोन्ही सिद्धान्त तिच्यात आरामात झोपतील.

तो कूलरमध्ये पाणी ओततो.
गवत ओलं होतं.
मी पुन्हा पहिल्या फाईलपासून.