एकसष्ट वेढे

आमच्या गावाला डोंगर नाही.
उड्डाणपूल आहेत, ते सगळे चढून झाले,
आणि सेमिनरी हिल्स आहे,
जिला टेकडी म्हटलं
की घाटावरचे पाहुणे गालात हसतात.

आतेबहिणीचा नवरा नाशिकचा.
लग्नाच्या पंगतीत म्हणाला, जिलबी मोडत मोडत,
कळसूबाई पाहिलीय का? सोळाशे शेहेचाळीस मीटर.
तुमच्याकडे तर सगळं परातीसारखं.
मी मठ्ठा वाढत होते. काही बोलले नाही.

मी मोटारी भरते.
इतवारीत, जिन्याखालच्या गाळ्यात,
कूलरच्या, पंपाच्या, जळून आलेल्या.
बोटाला चिंधी, चिंधीतून तांब्याची तार,
आणि ओठांत आकडा.
वेढा कमी पडला तर मोटार तापते,
जास्त झाला तर ओढत नाही.
बावीस वर्षं मोजतेय.

म्हणून हिशेब अवघड वाटला नाही.
इस्तारी हेडाऊच्या टपरीपासून
वळणावरच्या पिंपळापर्यंत
सत्तावीस मीटर चढ, मोबाईलच्या म्हणण्यानुसार.
एकसष्ट वेळा चढायचा.
डोंगराची मोड करून घ्यायची, सुट्टे पैसे मोजावेत तशी.

डिसेंबर, रविवार, पहाटेचे साडेतीन.
कूलर सगळे माळ्यावर झोपलेले.
इस्तारीनं शेगडी पेटवली,
पेल्याजवळ चिंचोक्यांची पुडी ठेवली.
"एकसष्ट खेपा? कावून वं बाई?
वरतं काय ठेवलं हाये?"
काही नाही, म्हटलं.
"मंग ठीक हाये."

पहिले दहा धुक्यात गेले.
दिव्याच्या उजेडात फक्त पुढचं चाक
आणि एक कुत्रं, जे तिसऱ्या खेपेनंतर
भुंकायचंही विसरलं.
उजाडलं तसे फिरायला येणारे आले.
मफलरवाले एक निवृत्त साहेब म्हणाले,
श्वास नाकानं घ्या.
नाक कुठल्या कुठे गेलं होतं.

चढाचं काही वाटत नव्हतं, खरं सांगते.
उतार खुपत होता.
कमावलेले सत्तावीस मीटर
प्रत्येक वेळी खाली आणून परत द्यायचे,
घामेजल्या पाठीवर वारा घेत,
आणि रिकाम्या हातानं पुन्हा पहिल्यापासून.
डोंगर चढणाऱ्याच्या पायाखाली डोंगर तरी असतो.
माझ्या नावावर एक पेला,
पेल्यात चिंचोके.

चव्वेचाळिसाव्याला गुडघ्यातून वास आला,
जळक्या वार्निशचा. हा वास मी ओळखते.
पिंपळाला सायकल टेकवून बसले.
अशी मोटार दुकानात आली असती
तर गिऱ्हाइकाला म्हटलं असतं,
दादा, नवी घ्या.

उठले कशी, आठवत नाही.

मग दुपार कलताना घोळ झाला.
इस्तारी दूध आणायला गेला,
नातू बसला गल्ल्यावर, पेल्याशी खेळत.
माझ्या मनात सत्तावन्न.
पेल्यात छप्पन्न.
खाली पाहिलं, बाकाखाली पाहिलं,
पोराला तोंड उघडायला लावलं.
छप्पन्न.

बावीस वर्षांत आकडा चुकला नव्हता.
पण तार हातात असते तेव्हाची गोष्ट वेगळी.
शंका आली की सगळं उसवून
पुन्हा भरायचं, अशी आमच्याकडे रीत.
चढ उसवता येत नाही.
पेल्याचं खरं मानलं.
म्हणजे कदाचित बासष्ट झाले,
कदाचित एकसष्टच.
एकसष्ट धरले तरी सत्तावीसने गुणून
एक मीटर उरतोच.

शेवटचा चढले तेव्हा वर कुणी नव्हतं.
पिंपळाच्या बुंध्याला कुणीतरी
पतंगाचा मांजा गुंडाळून ठेवला होता.
वेढे मोजायला लागले,
आणि स्वतःचंच हसू आलं.

खाली इस्तारीनं चहा पुढे केला,
कप धरायला बोटं मिटेनात
म्हणून बशीत ओतून दिला.
"झाला डोंगर?"
झाला.
"वरतं काय होतं मंग?"
पिंपळ, म्हटलं.
त्यानं मान वळवून पाहिलं.
"तो त इथूनबी दिसते."