तिसरं तिकीट

तिकिटं तीन काढली होती, जूनमध्येच, स्वस्त पडतात म्हणून.
पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीने हॅवलॉक,
पाच रात्री, नाश्त्यासकट.
तिसरं रद्द केलं, त्याचे परत आले
अकराशे चाळीस रुपये.

"कुत्र्यांकडे कोण बघणार?" मी म्हटलं,
आणि आवाज मला हवा होता त्यापेक्षा
जरा जास्तच पटकन निघाला.
जुईलीला ते कळलं. मुकुंदला नाही.

पहिला दिवस सांडगा दाराशीच,
दोघांच्या घरातल्या चपला हुंगत.
बाई मात्र झोपली. तिने तेरा वर्षांत
बरीच माणसं जाताना पाहिलीत.
आमच्याकडे येण्याआधी ती
गेटवरच्या वॉचमनच्या खुर्चीखाली राहायची,
आणि वॉचमन दर सहा महिन्यांनी बदलायचे.

आकाशकंदील दरवर्षी मुकुंद करतो.
काड्या तासतो, मोजतो, पुन्हा मोजतो,
मला फक्त खळ शिजवायला सांगतो.
यंदा तयार आणावा म्हणून
कन्नमवार नगरच्या बाजारात गेले.
सातशे रुपये, प्लॅस्टिकचा, घडी घालून पिशवीत.
तशीच परत आले. माळ्यावरून काड्या काढल्या.

षटकोन जमला नाही. पाचच कोन झाले,
सहावा कुठे गेला मला अजून कळलेलं नाही.
कागद हिरवा आणि गुलाबी, कारण तेवढाच उरला होता.
खळीचं भांडं खाली ठेवून फोन घ्यायला उठले
तेवढ्यात सांडग्याने ते चाटून लख्ख केलं,
वर चार झिरमिळ्या खाल्ल्या.
दुसऱ्या दिवशी, खाडीकडच्या रस्त्यावर,
त्यातली एक अखंड बाहेर आली. गुलाबी.
समोरून घागकाकू येत होत्या.
बघून म्हणाल्या, "शुभ दीपावली."

फोटो येत होते. समुद्र इतका निळा
की माझ्या फोनच्या तडकलेल्या काचेतही निळाच.
मुकुंद, गळ्यात शिंपल्यांची माळ, ओशाळलेला.
जुईली पाण्याखाली, तोंडात नळी, अंगठा वर.
"तू हवी होतीस."
मी एक लाल बदाम पाठवला
आणि भात कालवायला घेतला.

लक्ष्मीपूजनाला साडेसातच्या ठोक्याला
घागांच्या रुद्रने दहा हजारांची माळ लावली.
सांडगा पलंगाखाली, मग कपाटामागे,
मग थेट बाथरूममध्ये.
बाई जवळजवळ बहिरी आहे,
तरी तीही गेली, तो गेला म्हणून.
मीही गेले. बादली बाहेर, दार बंद,
नळ पुरता सोडला, आवाज बुडावा म्हणून.

चार बाय सहा. खाली जुना टॉवेल.
एक डोकं मांडीवर, एक पाठ पाठीला.
चारी बाजूंनी नाही, एकाच बाजूने पाणी,
तेही पालिकेचं, साडेआठला जाणारं.
आमची खिडकी गॅलरीत उघडते, जुन्या बांधणीची कृपा,
तिच्यातून कंदील दिसत नव्हता, नुसता उजेड
फरशांवर डुलत होता, हिरवा, गुलाबी, परत हिरवा.
बाहेर काहीतरी फुटत होतं, ओसरत होतं,
पुन्हा फुटत होतं.
फोन दोनदा वाजला. वाजू दिला.
किती तरी वर्षांत पहिल्यांदा
अमुक कुठे ठेवलंय, असं मला कोणी विचारत नव्हतं.
सांडग्याची थरथर थांबायला तासभर लागला.
मी त्यानंतरही उठले नाही.

शनिवारी दोघं आले, नाकं सोललेली.
मुकुंदने बॅग ठेवायच्या आधी कंदिलाचे कोन मोजले.
"पाचच?"
"सहावा सांडग्याने खाल्ला."
त्याने सांडग्याकडे बघितलं.
सांडग्याने शेपूट हलवलं, जणू खरंच.

जुईलीने बॅग उपसली आणि घरभर वाळू.
मी झाडू आणायला गेले,
येते तो बाई हळूहळू उठून तिथवर गेलेली.
तिने वाळू हुंगली, जिभेने चाखली,
दोनदा गोल फिरली,
आणि तिच्यावरच झोपली.
मी झाडू कोपऱ्यात ठेवला.